कधीमधी घेणारा प्रमोद

हट्टा गावच्या प्रमोद मंडपवाल्याला सारा वसमत तालुका ओळखतो. वाऱ्यावावधानात जो मांडव हलला नाही तो प्रमोदचाच, असं लोक डोळे झाकून सांगतात. माणूस गोड, हाताला चलाख, आणि कुणालाही नाही म्हणणं त्याला जमत नाही. इथंच तर घोडं पेंड खातं, असं त्याची बायको सपना म्हणते.

मांडव उभा झाला की त्याची कामावरची पोरं बसतात, आणि त्यालाही बसवतात. बसतात म्हणजे काय, ते काय फोड करून सांगायचं? मांडव सोडला की पुन्हा बसतात. लग्न, बारसं, जयंती, वास्तू. आणि काम नसलं तर काम नाही म्हणून.

दोन-तीन वर्षांपासून प्रमोदचं पोट दुखायचं. बेंबीच्या वर कळ उठायची ती थेट पाठीत निघायची, जेवण झालं की जास्तच. मग हा गडी पोटाशी उशी धरून पुढं वाकून बसायचा. गावातला डॉक्टर म्हणाला, पित्त. पित्ताच्या गोळ्यांनी डबा भरला. त्याची सासू पद्माबाई म्हणाली, बेंबी सरकली. आणि एका बाईकडून त्याचं पोट असं चोळून घेतलं की बिचाऱ्याला उठता येईना. नांदेडला दुर्बीण घातली तर जठर साफ! इकडं पँट कमरेला राहीना, संडासला तेलकट व्हायला लागलं.

सपनाचा जीव जळायचा तो वेगळ्याच गोष्टीनं. प्रत्येक डॉक्टर विचारायचा, "दारू घेता का?" आणि हा शहाणा मान तिरपी करून सांगायचा, "कधीमधी." डॉक्टर पुढच्या प्रश्नाला लागायचा. हा खरं बोलेना, आणि परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायला तिची जीभ उचलेना. खोटं बोलून मरायचंय का याला, म्हणून ती मनातल्या मनात चरफडायची.

यंदाच्या उन्हाळ्यात दोघं हिंगोलीला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. बाईंनीही तेच विचारलं.

"कधीमधी," प्रमोद म्हणाला.

"म्याडम, हे कधीमधी घेत न्हाईत," सपनाच्या तोंडून निघूनच गेलं. "बाकी रोज घेतात!"

भर लग्नात तिनं त्याचा मांडव पाडावा, तसं प्रमोदनं तिच्याकडं पाहिलं. बाईंनी मात्र लगेच सिटी स्कॅन काढायला लावला. दुखणं निघालं स्वादुपिंडाचं. अन्न पचवायचा रस आणि साखर आवरणारं इन्सुलिन बनवणारी ती ग्रंथी, जठराच्या मागं असते. प्रमोदची आकसून गेली होती, आत खडे झाले होते.

"दारूनं झालंय हे," बाई म्हणाल्या. "जेवणासोबत या कॅप्सूल, रोज इन्सुलिन. दारू आणि तंबाखू आजपासून बंद."

"बंद केली तर बरं होतंय का?"

"गेलेली ग्रंथी परत येत नाही. राहिलेली वाचवायची."

घरी आल्यावर प्रमोद म्हणाला, "म्याडमच म्हणल्या, बरं होत न्हाई. मंग सोडून काय फायदा?"

"राहिलेली वाचवा म्हणल्या, ते न्हाई ऐकू आलं?"

"तू माझी इज्जत घालवली, ते बराबर ऐकू आलं."

तरी थोडे दिवस कोरडा राहिला. दुखणं थांबलं नाही, तर त्याचंच भांडवल केलं: "सोडली तरी दुखून राहिलं, म्हंजे दारूचं न्हाईच हे!" आणि एका संध्याकाळी वसमतच्या मांडवाहून झोकांड्या खात आला.

सपनानं इन्सुलिनची सुई पुढ्यात आपटली. "टोचा तुमचं तुमी! म्या काय जल्माची नर्स हाय व्हय?"

त्यानं सुई उचलली. पोटाला लावली, मागं घेतली, आणि नुसता तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आणा इकडं! आग लागो त्या बाटलीला!" तिनं सुई हिसकावली, शर्ट वर केला. मांस चिमटीत धरून टोचायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. चिमटीत नुसतं कातडं आलं. ती घाबरली, आणि घाबरली म्हणून आणखीनच ओरडली, "जेवलात का तरी?"

"न्हाई."

उपाशीपोटी टोचायचं नाही, साखर एकदम उतरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं सुई ठेवली, भात-वरण वाढलं, सोबत कॅप्सूल दिली. दोन घास गेले नाहीत तोच तो पोट दाबून ताटावर वाकला आणि कण्हायला लागला. खाल्लं तर पोट जीव घेतंय, न खाल्लं तर सुई देता येत नाही. आता करायचं काय, हे सपनाला कुणीच शिकवलं नव्हतं.