म्हशीचं पोस्टमार्टम

सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात कुणी अचानक मेलं की गावचे पुढारी भाऊ पोलिसांच्या आधी पोचायचे. पांढरा सदरा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि रडणाऱ्याच्या खांद्यावर हात. ‘पोस्टमार्टम कशाले? गेलेल्या जीवाले काऊन फाडता?’ असं हळू आवाजात समजवायचे. ठाण्यातही त्यांचा शब्द चालायचा. अंधार पडायच्या आत प्रेत जळून जाई, आणि लोक भाऊंना देवमाणूस म्हणत.

धान कापणीच्या दिवसांत त्यांचीच दुभती म्हैस गोठ्यात मेली. मी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, डॉक्टरांबरोबर गेलो. भाऊ संतापले होते. ‘साहेब, नीट फाडून पाहा. कोणं जहर देल्लं असन तर समजलंच पायजे!’

बघ्यांत एक म्हातारा उभा होता. त्याची लेक सासरी मेली, तेव्हा सासरच्यांनी साप चावला म्हणून सांगितलं, आणि भाऊंनी तिला तशीच जाळायला लावलं होतं. तो हात जोडून म्हणाला, ‘भाऊ, माह्या पोरीले काय झालतं, ते बी समजलं असतं ना?’

डॉक्टरांची सुरी थांबली. भाऊ बाजूला जाऊन खर्रा थुंकले, आणि डॉक्टरांना म्हणाले, ‘साहेब, तुमी काऊन थांबले? चालू द्या.’