भाऊजींच्या विलापिकेतला बर्फ

भाऊजी गेल्याची खबर मला मालेगावच्या बाजारात कळली, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं नाही. महिना झाला. शिकलेले लोक म्हणतात, एवढा विद्वान माणूस, तुम्ही मेहुणे, चार शब्द लिहा. लिहितो. गोड लागणार नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. शाळेत मास्तर, आणि वेड रशियन विलापिकांचं, म्हणजे मेलेल्यांवरच्या शोककवितांचं. एकोणिसाव्या शतकातले ते कवी इंग्रजीतून वाचायचे, मराठीत उतरवायचे. किन्हीराजा गावी आमच्या घरी आले की ताट निवून जाईस्तोवर मला समजावायचे... संध्याकाळचं कब्रस्तान, अकाली गेलेला मित्र, सरून गेलेलं आपलंच तारुण्य. मोठा कवी मेलेल्याचं नावसुद्धा घेत नाही म्हणे, रडतो तो स्वतःच्याच आयुष्यावर. मी हो हो म्हणायचो. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

मग वैशाखात बाई, माझी ही बहीण, तापानं गेली. पोर शांती जेमतेम वर्षाची. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकला ते ओळखून शब्द द्यायचा असतो. बाईचा जीव कशात, हे घाटावर कोणाला सांगावं लागत नव्हतं. सगळे भाऊजींकडे बघत होते. या माणसानं खिशातून कागद काढला आणि स्वतः रचलेली विलापिका वाचली. बर्फाखालची कबर, भूर्जवृक्ष, कवीचं विझलेलं तारुण्य! जिला आम्ही भर उन्हात जाळली, तिच्यावर बर्फ! मी म्हणालो, "पोरीचं बोला, भाऊजी." ते म्हणाले, "ते यात बसत नाही." शेवटी मीच हात जोडले, "बाई, शांतीले मी सांभाळतो." कावळा आला. पोर तेव्हापासून माझ्याच घरी आहे.

विलापिका छापून आली, वाहवा झाली. भाऊजी वर्षातून दोनदा यायचे, पोरीच्या हातावर खडीसाखर ठेवायचे, जायचे. नुसती चीड यायची.

आता त्यांची कवितांची वही शांतीकडे आली आहे. आठ वर्षांची पोर, ती विलापिका तिनं तोंडपाठ केली. आईचं म्हणून तिच्याकडे दुसरं काही नाही. परवा जेवताना म्हणाली, "मामा, मायले लय थंडी वाजली असन ना?" मी घास खाली ठेवला. सांगितलं, थंडी कुठची, अंगाची लाही होत होती, मी वारा घालत होतो, आणि शेवटपर्यंत ती तुझंच नाव घेत होती. पोरीनं लगेच विचारलं,

"मंग बाबानं माहं नाव काहून नाही लिवलं?"

सात वर्षं मी या माणसाशी धड बोललो नाही. आज असते तर गचांडी धरून त्यांना पोरीच्या ताटापुढे बसवलं असतं... म्हटलं असतं, द्या आता उत्तर.