सांडशीचा ठोका

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून ह्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?" हे म्हणाले, "पाणी." मग घड्याळ दाखवलं. "पाणी." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्या कोण?" हे माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलवले आणि पुन्हा "पाणी"च म्हणाले. मग रडले.

ठाण्याच्या हॉस्पिटलात मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात लुळा पडला होता. माझे यजमान विज्ञानाच्या मासिकाचे संपादक, आणि त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता.

"आपण बोललेलं समजतं का त्यांना?" मी विचारलं.

"थोडंफार समजत असावं," डॉक्टर म्हणाले.

थोडंफार म्हणजे किती, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

हे आधी वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. रंग फवारताना डोळे का चुरचुरतात, नाकाला फडकं का बांधायचं, हे कामगारांना सांगता सांगता लिहायला लागले. पुढे नोकरी सोडून मासिक हातात घेतलं. मला विचारलं नाही. पण पहिल्या अंकापासून प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी मला वाचून दाखवायचे. मी चौथी शिकलेली. डोंबिवलीच्या आमच्या घरात मी स्वयंपाक करायची आणि हे दारात स्टूल टाकून वाचायचे. कळलं नाही की मी सांडशी ओट्यावर आपटायची. ठोका पडला की वाक्य बदलायचं, मग लेखक कितीही मोठा असो.

"मी ढ म्हणून मला ऐकवता ना?" मी एकदा विचारलं.

"ढ नाहीस, भीडभाड नाही तुला. बाकीचे न कळताच माना हलवतात."

प्रकाशवर्षावर मी अशीच सांडशी आपटली होती. वर्ष म्हणायचं आणि अंतर मोजायचं, ही कसली पद्धत? हे म्हणाले, "इथून कल्याण किती लांब?" मी म्हटलं, "रिक्षाने अर्धा तास." हे नुसते हसले. लेखात मग तेच छापलं.

हॉस्पिटलातून घरी आणलं, तर भेटायला येणारे ह्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, तान्ह्या पोराशी बोलावं तसं. धाकटे दीर तर ह्यांच्यासमोरच म्हणाले, "वहिनी, मासिक बंद करून टाका आता. दादाला काय कळतंय?" ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते मी बघितलं. पण पंखा लागत असेल म्हणूनही माणूस तोंड फिरवतो. खात्री नव्हती.

मासिकाची सहसंपादक कल्याणच्या कॉलेजात शिकवायची. ती अंकाचे लेख घेऊन आली. "काकू, सरांशिवाय काढायचा की थांबवायचा? प्रेसवाले विचारतायत."

मी ह्यांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि डाव्या हातात सांडशी दिली. तिला म्हटलं, "तुझाच लेख दे." मी बोट ठेवून, अडखळत वाचायला लागले. मधुमेहावर होता. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. ठोका पडला नाही. मग आलं, 'संप्रेरकाच्या प्रतिरोधामुळे शर्करेचे नियमन बाधित होते.' खुर्चीच्या दांडीवर सांडशी वाजली.

ती डोळ्यांना ओढणी लावून हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, "थांब. हात नुसता थरथरला असेल." दोन वाक्यं मागे जाऊन पुन्हा वाचलं. तिथेच ठोका. मग खात्री करायला लेखाच्या मध्येच मी साबणाच्या पुड्यावरचा मजकूर वाचला. 'हे काय मध्येच?' असं ह्यांनी माझ्याकडे बघितलं; तसं फक्त हेच बघू शकतात.

"आता रडणं पुरे, वाक्य दुरुस्त कर," मी तिला म्हटलं.

तिने तिथेच ओट्यावर कागद ठेवून लिहिलं, की साखर रक्तातून पेशींत जायला जे रसायन लागतं, त्याला पेशी दाद देत नाहीत, म्हणून साखर रक्तातच राहते. मी वाचलं. सांडशी वाजली नाही. मलाही कळलं होतं.

दिरांना मी फोन करून सांगितलं, "भाऊजी, त्यांना कळतं. त्यांच्यासमोर नीट बोलायचं."

तो अंक निघाला. नंतरचेही निघाले. दर महिन्याला ती लेख आणायची, मी वाचायची, हे ठोके द्यायचे. कधी ठोका ह्यांचा असायचा आणि मला वाक्य स्वच्छ कळलेलं असायचं. मग आमचं भांडण व्हायचं, मी बोलून आणि हे "पाणी, पाणी" करून. शब्द शेवटपर्यंत परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते येतील. नाही आले.

दुसरा झटका आला तेव्हा हॉस्पिटलपर्यंतही पोचलो नाही.

मासिक आता छापत नाहीत, फोनवर येतं. सहसंपादक होती ती संपादक झाली आहे. लेख आधी मलाच वाचून दाखवते. हे गेले. मी आहे.