उठवणाऱ्याची नोकरी

मोबाईलवरचा गोळीबाराचा खेळ खेळण्याचा मला पाच वर्षं पगार मिळतो आहे, आणि या पाच वर्षांत मी फार कमी लोकांना मारलं आहे. आमच्या बोरीत हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग गंभीर होऊन विचारतो, "मग तुला ठेवलंय कशाला?" प्रश्न रास्त आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या मॅनेजरलाही तोच पडला.

खेळ साधा आहे. चौघांचा एक असे बरेच संघ एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात, आणि शेवटी जो संघ उभा असतो तो जिंकतो. मारलेल्या प्रत्येक माणसाला आमच्यात किल म्हणतात आणि त्याचे गुण मिळतात. शेवटची गोळी ज्याची, किल त्याच्या नावावर. संघातल्या चौघांची कामं ठरलेली असतात. आमचा कप्तान लातूरचा, तो काय करायचं ते ठरवतो. पुढं घुसणारा नागपूरचा, तो मारतो आणि बहुतेक वेळा मरतो. तिसरा लांबून नेम धरतो आणि आठवड्यातून एखादं वाक्य बोलतो. चौथा मी. गोळ्या लागल्या की खेळाडू लगेच मरत नाही, आडवा पडतो, आणि कुणी त्याच्याजवळ गुडघे टेकून काही सेकंद बसलं तर उठतो. ते कुणी म्हणजे मी. धुराचे गोळे फेकायचे, धुराच्या आडून जायचं, पडलेल्याला उठवायचं, जवळचं औषध त्याला द्यायचं आणि पुन्हा मागं यायचं. या कामाला सपोर्ट म्हणतात. आमच्या जर्सीवर मात्र चौघांच्याही पाठीवर 'योद्धा' असंच छापलेलं होतं. छापणाऱ्याला ते सोपं पडत असावं.

मॅनेजर नवा होता. वय माझ्याएवढंच, पण कोट घालायचा. पुण्यात आम्ही चौघं ज्या फ्लॅटमध्ये राहून सराव करतो तिथं तो पहिल्या दिवशी आला तेव्हा आम्ही मुरमुरे खात होतो. त्यानं भिंतीवर स्लाइड दाखवायला सुरुवात केली. पहिल्या स्लाइडवर बर्फाचा डोंगर होता. दुसरीवर 'विजयाची संस्कृती' असं लिहिलं होतं आणि खाली बाण वर जात होता. मी आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली, त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो. कुणी संस्कृतीबद्दल बोलायला लागलं की आपली चप्पल कुठं आहे ते बघून ठेवावं. शेवटच्या स्लाइडवर तक्ता होता. पुढच्या पात्रता फेरीत प्रत्येक खेळाडूनं निदान दहा किल करायचे. न करणाऱ्याच्या जागी दुसरा येईल. दुसरा कोण, तेही ठरलं होतं. दिल्लीकडचा एक पोरगा होता, मारण्यात तरबेज, आणि त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघायचे.

तीन दिवसांच्या पात्रता फेरीत माझे किल साधारण पाच होतात. सहा झाले तर मीच चपापतो.

माझं वय पंचवीस. या धंद्यात ते निवृत्तीचं वय आहे. काढलेल्या सपोर्टला दुसरा संघ घेत नाही, कारण त्याच्याकडं दाखवायला काहीच नसतं. बीएस्सी मी दुसऱ्या वर्षाला सोडली होती. घरातल्या सगळ्यांनी तेव्हा विरोध केला होता, एकटे वडील म्हणाले होते, जाऊ द्या. म्हणजे जागा गेली असती तर मी बोरीला येऊन त्याच माणसासमोर बसणार होतो.

झालं असं, की त्याच माणसासमोर बसायची वेळ आधीच आली. वडिलांचं, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला झालं. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायचे होते. आईनं टाकायला घेतले की अप्पा डोळा गच्च मिटायचे आणि दोघांचं भांडण व्हायचं. माझ्याकडून मात्र ते निमूट टाकून घ्यायचे. पात्रता फेरी ऑनलाइन होती, ज्याला जिथून खेळायचं तिथून खेळता येणार होतं. मी बोरीला आलो. गावात फायबरची लाइन आली होती, वरच्या खोलीत इन्व्हर्टर होता आणि सोयाबीनच्या पोत्यांना टेकायची सोय होती. खाली बाजेवर अप्पा काळा चष्मा लावून बसायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, पुढारी दिसायलाव. अप्पा राखतात ती मेंढरं त्या आठवड्यात चुलत्याकडं होती.

मी अप्पांना तक्त्याचं सांगितलं. इथं वाचकाला वडिलांच्या तोंडून एखादं शहाणपणाचं वाक्य अपेक्षित असेल. त्यांनी विचारलं, "थेंबाची वेळ झाली का रं?"

सामने दुपारी असायचे. लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येक खेळाडूवर कॅमेरा लावलेला असतो, चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत, आणि एक पंच सतत बघत असतो. खोलीत दुसरं कुणी चालत नाही. पहिल्याच दिवशी तिसरा सामना सुरू व्हायच्या बेतात होता आणि दार उघडलं.

"फ्रेममध्ये दुसरी व्यक्ती दिसते आहे," पंच म्हणाले. "कोण आहेत त्या?"

"माझी आई."

"त्यांना बाहेर जायला सांगा."

स्पीकर सुरू होता, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही. आई कपबशी घेऊन मोबाईलजवळ वाकली. "कोन म्हनायलाय रं बाहीर जा? घर कुनाचं हाय?"

"मॅडम, स्पर्धेचा नियम आहे."

"आसंल. च्या गार व्हायलाय."

"ठेवा आणि जा, मॅडम."

"तुमी जेवले का?" आईनं विचारलं. पंचांनी नियमाचा क्रमांक सांगितला. बहुधा जेवले नव्हते. माझ्या नावावर एक ताकीद नोंदवली गेली: अनधिकृत व्यक्तीची उपस्थिती. त्यानंतर आई दाराबाहेर जिन्यात बसायला लागली आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवायला लागली. माझ्या कारकिर्दीत मला मिळालेला हा एकमेव सपोर्ट.

तीन दिवसांतल्या शेवटच्या सामन्याआधी आमचा संघ तिसरा होता. पुढं आठ संघ जाणार होते, म्हणजे आमचं काम झालंच होतं. माझे किल सहा होते. चार कमी. कप्तानानं मधल्या सुट्टीत आम्हाला हेडफोनवर सांगितलं, "ऐका. ह्या सामन्यात कुनी हावरटपना करायचा न्हाई. आमी माणूस आडवा पाडू, शेवटची गोळी हा घालंल. चार किल ह्याला द्यायचे. कळलं का?"

"भीक घालता काय बे त्याला," नागपूरकर म्हणाला.

"आहेर समज."

मला ते पटलं. आमच्या भागात लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करतात. तो घेणारा मान खाली घालून घेतो, टोपी डोक्यावर तेवढ्यापुरती ठेवतो, आणि तीच टोपी पुढं दुसऱ्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. कुणाला वाईट वाटत नाही, कारण त्या टोपीनं कुणाचं ऊन अडत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तसे चार किल घ्यायला हरकत नव्हती.

पहिला आहेर एका गोदामामागं मिळाला. कप्तानानं एकाला आडवा केला आणि ओरडला, "ये, ये, तुजाच हाय!" मी धावत गेलो, त्या रांगणाऱ्या माणसासमोर उभा राहिलो आणि सवयीनं कप्तानाला विचारलं, "तुला औषध देऊ का आधी?"

"मार ना त्याला, माज्या बापा!"

मारलं. दुसरा पुलाखाली, तिसरा एका पडक्या शाळेत. प्रत्येक वेळी मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तक्त्यात नऊ झाले. एकच राहिला. दारापलीकडं आई कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होती, "वर जाऊ नका, त्याची परीक्षा चालू हाय."

चौथा डोंगराच्या उताराला मिळाला. कप्तानानं एकाला एका दगडी कुंपणामागं पाडलं. तो माझ्यापासून पंधरा पावलांवर होता, त्याला पळता येत नव्हतं, एका गोळीचं काम होतं. मी बंदूक उचलली. त्याच क्षणी उताराच्या वरच्या अंगानं आवाज आला, "अबे, मी पडलो बे!"

"त्याला ऱ्हाऊ दे!" कप्तान ओरडला. "आधी ह्याला मार!"

"राहू द्या कसं बे? रक्त चाललं माझं!"

"मर की तू! आपन पात्र झालोय! ए, मार, मार त्याला!"

मी विचार केला नाही. विचार केला असता तर मारलं असतं, मला माझी जागा हवी होती. पण बोटं पाच वर्षं एकच काम करत आली होती. बंदूक गेली, हातात धुराचा गोळा आला, तो उतारावर पडला, आणि पांढऱ्या धुरात मी वर धावत होतो. नागपूरकराजवळ गुडघे टेकून बसलो. खाली कुंपणामागं धूर पसरला तसे त्या पडलेल्या माणसाचे सोबतीही आले आणि त्यांनी त्याला उठवलं. आमच्या खेळात धूर कुणाचा आहे हे विचारत नाहीत.

नागपूरकर उठला, म्हणाला, "थँक्यू बे," पुढं धावला आणि अर्ध्या मिनिटात मेला. मला मारलं ते कुंपणामागच्या माणसानं.

नऊ.

हेडफोनमध्ये तिसरा, तो आठवड्यातून एक वाक्य बोलणारा, म्हणाला, "एकच राहिला होता."

खाली आलो तर अप्पा म्हणाले, "जिंकले का?"

"संघ पुढं गेला."

"आन् तू?"

"उद्या अकराला सांगणार हाएत."

त्यांनी चष्मा काढला, डोळा पुसला, परत लावला. मी थेंबाची बाटली घेतली, कारण त्या क्षणी मला जमण्यासारखं तेवढंच होतं. रात्री जेवताना आईनं पंचांची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी अकराला व्हिडिओ कॉल झाला. मॅनेजर कोटातच होता. सुरुवातीला त्यानं संघाचं अभिनंदन केलं. मग म्हणाला, "आपण सगळे एक कुटुंब आहोत," आणि मी काय ते समजलो. कुटुंबातून काढताना असंच म्हणतात. स्लाइड आली. तिघांच्या नावासमोर हिरवा चौकोन, माझ्या नावासमोर लाल.

"हा निर्णय वैयक्तिक नाही," तो मला म्हणाला. "आकडे बोलतात."

"सर, एक मिनिट," कप्तान म्हणाला. "मी बी एक आकडा काढलाय. रात्री बसून सगळे सामने परत बघितले. तीन दिवसांत यानं मला एकोणीस वेळा उठवलंय."

"मला सव्वीस," नागपूरकर म्हणाला. "मी पडतोच, सर. माझं काम तेच आहे."

"त्याचं कौतुक आहेच," मॅनेजर म्हणाला. "पण नवीन खेळाडूही उठवेलच ना."

"न्हाई उठवणार," कप्तान म्हणाला. "त्याचे व्हिडिओ बघितलेत मी. लय भारी पोरगा हाय. कुनी पडलं की तो त्याच्या अंगावरून उडी मारून पुढं जातो. तो आला की आमी चौघं बी पुढं पळणार, चौघं बी आडवे. मग उठवायला कोन, तुमी येणार का?"

मॅनेजरनं कोटाचं बटण लावलं. कप्तान थांबला नाही.

"काल ह्याला एक किल घ्यायचा होता, आमी ताटात वाढून दिला होता, तरी ह्यानं घेतला न्हाई. आसला येडा मानूस परत मिळत न्हाई, सर. तो गेला तर मी बी दुसरीकडं बघतो."

"मी पण," नागपूरकर म्हणाला. तिसऱ्यानं मान हलवली. त्याचं या आठवड्याचं वाक्य खर्च झालं होतं.

माझ्याबद्दल आजवर जे चांगलं बोललं गेलं त्यातल्या बहुतेकावर माझा विश्वास बसलेला नाही. यावर बसला, कारण यात प्रेमाचा भाग फार थोडा होता. त्यांना उठवणारा माणूस हवा होता. प्रेमात माणूस मन बदलतो, गरजेत सहसा बदलत नाही.

मॅनेजर पाणी प्यायला. मग तो म्हणाला, की भूमिकेनुसार वेगळे निकष असावेत असं त्यालाही आधीपासूनच वाटत होतं. करार एक वर्षानं वाढवून मिळाला. संध्याकाळपर्यंत संघाच्या पानावर माझा फोटो लागला, मागं वादळी ढग, खाली 'अदृश्य आधारस्तंभ'. अदृश्य माणसाचा फोटो एवढा मोठा कशाला, हे मी विचारलं नाही.

पण तो फोटो नंतरचा. कॉल संपला तेव्हा साडेअकरा झाले होते. मी जिन्यावरून खाली आलो. आई अंगणात तूर निवडत होती, अप्पा बाजेवर होते.

"ऱ्हायलो," मी म्हणालो.

अप्पांनी पाय आवरून बाजेवर जागा केली. आई हातातलं सूप तसंच धरून बघत राहिली. "पक्कं का?"

"पक्कं. एक वरीस."

"एकच?"

"आई, एक लय झालं."

मी अप्पांच्या पायथ्याशी आडवा झालो. तिथं ऊन येत होतं, पण सरकायचा कंटाळा आला. दहा दिवस मी धड झोपलो नव्हतो. डोळे मिटायच्या आत शेजारच्या मावशींचा आवाज आला, "पोरगं आजारी हाय का वो? भर दिवसाचं आडवं पडलंय."

"न्हाई माय," आई म्हणाली. "नोकरी ऱ्हायली त्याची. झोपू द्या."