रेघोट्यांच्या आड

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला माझी जोडीदार उमरेडच्या विणकर घरातली मुलगी होती. रामदासपेठेत आत्याकडे राहायची. तिच्या जर्नलमधला एकच प्रयोग उरला होता आणि त्यावर सरांची सही त्याच दिवशी हवी होती. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर घरचे परत नेणार, हे तिने मला जिन्यातच सांगितलं होतं.

काळ्या पेटीच्या फटीला डोळा लावून मी बसले. आत गोल किंवा त्रिकोण क्षणभर यायचा आणि लगेच त्यावर रेघोट्यांचं कार्ड पडायचं. मला नुसत्या रेघोट्या दिसायच्या. दिसलं नाही तरी अंदाजाने उत्तर द्यायचं, असा नियम होता. पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. न पाहिलेल्याचं नाव घेणं म्हणजे खोटं बोलणं, हे सिस्टर्सनी मनात पक्कं बसवलेलं. मी दर वेळी "दिसलं नाही" एवढंच म्हणत राहिले. 'दिसलं का' या रकान्यात ती तेच लिहायची; शेजारचा उत्तरांचा रकाना कोराच.

शेवटी तिने दोन कागदांवर गोल आणि त्रिकोण काढून माझ्यापुढे सरकवले.

"बोलू नको वं, नुसतं बोट ठेव. माझी माय मागावर बसते तं धागा तुटला का हात पयलेच थांबते. डोळ्याले मागून समजते."

बोट ठेवण्यात खोटं काही नव्हतं. दिसत तर तेव्हाही नव्हतं, पण वीसपैकी सतरा बरोबर निघाले.

सरांनी जर्नल पाहिलं. एका रकान्यात ओळीने 'दिसलं नाही', शेजारी बरोबर उत्तरं. हे घरी बसून भरलंय, म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. ती माझ्याकडे बघू लागली. वर्गात हजेरीखेरीज माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"सर, मला खरंच दिसलं नाही," मी म्हणाले. "आणि बोट माझंच होतं. पुन्हा बसते."

या वेळी कार्डं सरांनी टाकली. दहा-बारा वेळा बोट बहुतेक बरोबरच पडल्यावर ते थांबले, त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि सही केली. ती जर्नल छातीशी धरून पळतच खाली गेली.

मी सायकल हातात धरून चालत घरी निघाले. ओळखीचं कुणी समोरून आलं की मी नजर खाली वळवायचे. पाहिलंच नाही की समोरचं काही आपल्या आत येत नाही, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी चार जण समोरून गेले. मी खाली पाहिलं, पण पेटीतले न दिसलेले गोल-त्रिकोण आठवत राहिले आणि मनाला स्वस्थता आली नाही.