पहिले तुम्ही खा

आमच्या नागपूरच्या बसस्टँडवर आता मशीन आलं आहे. नाणं टाकलं की काचेमागचा आलुबोंडा खाली घसरतो. तळणाचा वास मात्र कुठेच नाही. मी बोंडा हातात घेतला आणि सवयीने आधी मधोमध फोडला.

ही सवय बाबांची. मी आठ वर्षांची असताना रामटेकच्या स्टँडवर त्यांनी असाच बोंडा फोडला होता. आतून वाफ आली, तरी त्यांना पटेना. "वाफ त कालच्या बोंड्यालेही येते. पुन्हा तेलात सोडला की झालं," म्हणत त्यांनी अर्धा तुकडा तळणाऱ्या बाईंपुढे धरला. "पहिले तुम्ही खा."

बस सुटायला आली होती. मला भूक लागली होती आणि लाजही वाटत होती. बाईंनी झारा ठेवला आणि तुकडा सरळ तोंडात टाकला. जीभ पोळून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता त पटलं ना भाऊ? खाऊ द्या पोरीले."

तेव्हा मला बाबांचा राग आला होता.

आजचा बोंडा वरून गरम आणि आत थंडगार निघाला. अर्धा तुकडा हातात धरून मी मशीनच्या मागेसुद्धा जाऊन पाहिलं. तिथे फक्त भिंत होती.