डाव्या बाजूची बायको

कुकर मांडणीवर पालथा पडलेला, आणि आमचे हे ओट्याशी येऊन म्हणतात, गॅस बंद कर, शिट्टी होऊन राहिली. आधी मी हसले. मग ती शिट्टी शेजारणीच्या कुकरवर ढकलली. पण बसमध्येही यांना शिट्टी ऐकू यायला लागली, तेव्हा धरून अकोल्याला नेलं कानाच्या डॉक्टरकडे.

कारण मला ठाऊकच होतं. फौजेतून निवृत्त होऊन दर्यापूरजवळच्या शेतात रमल्यापासून यांनी रोह्यांशी, म्हणजे नीलगाईंशी, युद्ध पुकारलं होतं. रोह्यांचा कळप एकदा शिरला की हरभरा साफ. म्हणून अकोटच्या बाजारातून कार्बाइडची बंदूक आणली. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचा खडा नि पाणी, बटण दाबलं की धडाम! मी म्हणायचे, घरात कापसाचा ढीग पडलाय, बोळे तरी घाला कानात. तर म्हणे फौजी माणूस बोळे घालत नसतो. रोह्यांना पुढे त्या आवाजाची सवय झाली, ते निवांत चरायचे.

डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, रायफल उजव्या खांद्याला लावायचात ना? मग डावा कान नळीकडे येतो. तो फायरिंगमध्ये केव्हाच गेलाय. आता या पाइपनं उजवाही चाललाय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. हे मान खाली घालून बसले. म्हणजे यांना माहीत होतं!

लग्न झाल्यावर सासूबाईंनी मला शिकवलं होतं, बायकोची जागा नवऱ्याच्या डावीकडे. जेवताना डावीकडे, झोपताना डावीकडे, पूजेला तेवढं उजवीकडे. मी निमूट पाळलं. म्हणजे लेकीच्या स्थळापासून छपराच्या गळक्या टिनापर्यंत सगळा संसार मी त्या मेल्या कानात ओतत आले, आणि हे गंभीर चेहऱ्यानं हो हो म्हणत आले. सत्यनारायणाला मात्र माझं सगळं ऐकायचे. मला वाटायचं, देवाचा धाक.

परतीच्या बसमध्ये मी उजवीकडे बसले नि दर्यापूर येईपर्यंत तोंडाला खंड पडू दिला नाही.

घरी येऊन यांनी बंदूक माळ्यावर टाकली आणि माझ्या जुन्या साड्या मागितल्या. शेताभोवती साड्या बांधल्या की रोही बिचकतात, इकडे सगळेच बांधतात. यांनाच बायकोच्या साड्यांचा आडोसा घेणं कमीपणाचं वाटायचं. म्हटलं, आता काहून मागता?

“जिंदगीभर नुसतं हो हो केलं,” हे म्हणाले. “तू काय म्हणतेस थे आता ऐकाचं हाये मले.”

आणि उजवा कान माझ्याकडे करून बसले. बसभर वाजवलेलं माझं तोंड, त्यातून आता निघालं काय, तर भाजी कोणती करू?